पाचवीचा मान

मार्चच्या एकतीस तारखेला रविना पागीने वॉर्डचं रजिस्टर उघडलं आणि शेवटची नोंद केली. आठ खाटा रिकाम्या, दोन भरलेल्या, एक सलाइन चालू. खाली वेळ लिहिली, सही केली. पाळी सोपवायला समोर कुणी नव्हतं. रात्रीची पाळीच उरली नव्हती.

जव्हारमधला तो तीस खाटांचा दवाखाना एका न्यासाचा होता, आणि परिचारिका पुरवायचा ठेकेदार. ठेका संपला, न्यासाने वीस खाटा बंद केल्या आणि ठेकेदाराने अकरा जणींना मोबाइलवर एक ओळ पाठवली. रविनाने सहा वर्षांत एकदाही पाळी न सोपवता वॉर्ड सोडला नव्हता. म्हणून ती फाटकावर गेली आणि वॉचमन पंढरीला बोलावून आणलं. दोन पेशंटची माहिती तिने त्याला सांगितली, सलाइन किती वाजता संपेल तेही सांगितलं, आणि रजिस्टर पुढे केलं.

"मी घेऊन काय करू, सिस्टर?" पंढरी म्हणाला.

"सही करा. डॉक्टर आले की दाखवा."

त्याने सही केली. ती खोलीवर गेली, भाड्याच्या खोलीतलं सामान दोन गोण्यांत भरलं आणि दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या गाडीने सूर्यमाळला सासरी आली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. भूकही नीट लागत नव्हती, पण जेवायच्या वेळेला ती जेवत होती.

विम्याच्या भत्त्याची गोष्ट योगिताने काढली. योगिता जामसरची, त्याच वॉर्डात तिच्याबरोबर होती, आणि कागदपत्रांत तिचं डोकं चालायचं. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात होते ते तिने शोधून काढलं. ज्याची नोकरी स्वतःचा काही दोष नसताना गेली, त्याला नव्वद दिवसांपर्यंत निम्म्या पगाराएवढा भत्ता मिळतो. आयुष्यात एकदाच. नोकरी गेल्यावर तीस दिवस बिनकामाचे गेले की अर्ज करायचा. योगिताने हे सगळं फोनवर दोनदा सांगितलं आणि वर बजावलं, "महिनाभर सुईला हात लावू नकोस. घरातलं फाटकं शिवायचं असलं तरी सासूला सांग."

रविनापुढे दोनच वाटा होत्या. जुलैत जिल्ह्याची परिचारिकांची भरती निघणार असं सगळे सांगत होते, आणि तिचे गुण बरे होते. तोवर तग धरायला तीन महिन्यांचा भत्ता पुरला असता. दुसरी वाट ठाण्याच्या ब्यूरोची. फ्लॅटमधल्या एखाद्या आजारी म्हातारीजवळ चोवीस तास राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, महिन्यातून दोन दिवस घरी. ब्यूरोची बाई एक दिवसाआड फोन करत होती. ब्यूरोत गेली की भरतीचा अभ्यास संपला, आणि सात वर्षांची गौरा आजीजवळ. नवरा गोरख वीटभट्टीवर होता, तो मे संपल्याशिवाय येणार नव्हता. त्याने फोनवर एवढंच विचारलं, सरकार घरी बसल्याचे पैसे खरंच देतं का. रविना म्हणाली, असं योगिता म्हणते.

एप्रिल असाच गेला. टँकर दोन दिवसांनी यायचा, आणि त्याच्यामागे हंडे घेऊन पळायचं. बाकी वेळ रविना ओट्यावर बसायची. सासू पुतळी शेजारणींना सांगायची की सून आजारी नाही, फक्त बोलत नाही. रविना दिवस मोजत होती, तेवढं मात्र ती नेमाने करत होती.

बाविसाव्या दिवशी दुपारी आशा कार्यकर्ती कमू धावत आली. वरच्या अंगाला रामीचं घर होतं, तिची सून चैती अडली होती. रुग्णवाहिका खोडाळ्याहून निघाली होती, पण पोहोचायला पाऊण तास तरी लागणार होता. पाड्यावरची जुनी सुईण दोन वर्षांपूर्वी वारली, त्यानंतर या पाड्यावर घरी बाळंतपण झालं नव्हतं.

रविना उठली. योगिताचं बोलणं तिला आठवलं, आणि ते आठवत असतानाच ती चढ चढत होती. घरात गेल्यावर तिने हात कोपरापर्यंत धुतले. घरात दोन हंडे पाणी होतं, त्यातला एक तिथेच संपला. कमूच्या पिशवीत मोजे होते, नाळेचा चिमटा होता, ब्लेड होतं. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला आणि लगेच रडला. बारा मिनिटांनी वार पडली. रक्त बेताचंच गेलं. रविनाने हे सगळं कमूच्या वहीच्या पानावर वेळेसकट लिहिलं, खाली सही केली, आणि रुग्णवाहिका आल्यावर बाळ-बाळंतिणीसोबत तो कागद त्यांच्या ताब्यात दिला. बऱ्याच दिवसांनी तिला कुणाला तरी पाळी सोपवता आली. घरी येऊन ती झोपली ती दुसऱ्या सकाळपर्यंत.

पाचव्या दिवशी रामीचं बोलावणं आलं. चैती दवाखान्यातून परत आली होती, पाचवी पुजायची होती, आणि पाचवीला सुईणीचा मान असतो. रविनाने मी सुईण नाही, नर्स आहे, असं सांगून बघितलं. पुतळीने तिला गप्प केलं. मान घेतला नाही तर तो मुलाच्या अंगावर राहतो, असं पाड्यात समजत. मग रविना गेली. रामीने तिचे हात धुतले, कपाळाला कुंकू लावलं, तांदळाच्या राशीवर नारळ ठेवला, आणि एक कोंबडी, दोन पायल्या नाचणी आणि एक खण तिच्या ओटीत घातला. कोंबडीचे पाय सुतळीने बांधले होते. ती वाटभर ओरडत होती. रविनाने ती अंगणात सोडली, आणि पुतळीने तिला रात्री डालग्याखाली झाकली.

मेच्या पहिल्या आठवड्यात रविना दोन गाड्या बदलून विम्याच्या ऑफिसात पोहोचली. योगिताने आपला अर्ज दोन दिवस आधीच दिला होता. खिडकीमागे पन्नाशीचा कारकून होता, आवाज शांत, सगळ्यांना एकेक ओळ समजावून सांगणारा. त्याने आधार, बँकेचं पासबुक, विम्याचा नंबर बघितला आणि फॉर्म दिला. रविना बाकावर बसून तो भरू लागली. दुसऱ्या पानावर विचारलं होतं, बेरोजगारीच्या काळात कोणतेही काम केले काय. रोख किंवा वस्तुरूपाने मोबदला मिळाला काय. असल्यास तपशील.

तिने लिहिलं: दि. २२ एप्रिल, दु. ४.१०, प्रसूती एक, घरी. दि. २६ एप्रिल, मिळाले: कोंबडी एक, नाचणी दोन पायल्या, खण एक, नारळ एक. मग खाली सही केली. पेशंटला किती पाणी पाजलं आणि किती लघवी झाली हे लिहिताना तिचा हात जसा चालायचा, तसाच तो आताही चालला. विचार असा तिने केलाच नाही.

कारकुनाने फॉर्म वाचला, परत वाचला.

"मॅडम, हे कोंबडीचं काय आहे?"

तिने सांगितलं. रांगेत मागे उभा असलेला गिरणी कामगार हसून म्हणाला, "साहेब, अंडी दिली तर ती पण लिहायची का?" दोघं-तिघं हसले. कारकून हसला नाही. त्याने ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि खिडकीतून पुढे सरकवला.

"हा घ्या. इथे 'नाही' लिहा आणि सही करा. बाकी सगळं तुमचं बरोबर आहे. कोंबडी मोजायला कुणी येत नाही."

"पण ते झालंय," रविना म्हणाली.

"झालं असेल. तुम्ही शेजाऱ्याला मदत केलीत, त्यांनी हौसेनं दिलं. त्याला काम म्हणत नाहीत."

"मग ते तुम्हीच लिहा ना, काम नाही म्हणून. मी जे झालं ते लिहिलंय."

"मला लिहायचा अधिकार नाही. तुम्हाला भत्ता हवाय ना?"

"हवाय."

"मग?"

कोरा फॉर्म तिच्यासमोर होता, पेन हातात होतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांच्या सिस्टर ट्यूटरने एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं होतं, कारण तिने न मोजलेलं तापमान चार्टवर भरलं होतं. आकडा योग्य निघाला, तरी तिला आठवडाभर वॉर्डात येऊ दिलं नव्हतं. रविनाला ते आठवलं, पण त्यासाठी ती अडून बसली असंही म्हणता येणार नाही. तिला फक्त 'नाही' हा शब्द तिथे लिहिता येईना. मागचा माणूस आता हसत नव्हता. त्याला शेवटची गाडी गाठायची होती.

कारकुनाने कोरा फॉर्म परत घेतला. मग चौकशी लागेल, असं त्याने सांगितलं. तुमच्या पाड्यावर ऑफिसचा माणूस येईल, ज्यांच्याकडे बाळंतपण झालं त्यांना विचारेल. घाबरायचं कारण नाही. त्यांनी सांगितलं, हा काही हिचा धंदा नाही, आम्ही सहज काहीतरी हातावर ठेवलं, तर तसा शेरा पडेल आणि भत्ता सुरू होईल. "फक्त त्यांना म्हणावं, थोडक्यात बोला. ही माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत."

म्हणजे आता सगळं रामीच्या तोंडावर होतं.

ही गोष्ट कमूला लगेच कळली, कारण चौकशीला माणूस कधी येणार याचा निरोप तिच्याच फोनवर यायचा होता. कमूने वेळ घालवला नाही. "ताई, मी सांगते रामीमावशीला. काय देला नाय, एवढा सांग म्हणते. झाला काम."

"नको. मी जाते," रविना म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. रामीने तिला पाट दिला, गुळाचा चहा दिला. चैती कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. रविनाने बाळाला मांडीवर घेतलं, बेंबी बघितली, डोळे बघितले, दूध पितो का विचारलं. सगळं ठीक होतं. आता बोलायला हवं होतं. ती सुरुवात करणार तेवढ्यात रामीने आपणच विषय काढला. खालच्या पाड्यावरच्या जिवाच्या घरी मागे बाळंतपण झालं तेव्हा त्यांनी सुईणीला नुसता नारळ दिला होता. कोंबडी दारात असून दिली नाही.

"अन् सातव्या दिशी पोर पिवला पडला. रीत अर्धी ठेवली का असाच होतं," रामी म्हणाली. "आमी नाय ठेवली. तू सांग, काय कमी केला का?"

जिवाच्या नातवाला कावीळ झाली होती हे रविनाला माहीत होतं. तेव्हा ती जव्हारलाच होती, तिनेच त्याला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. कावीळ का होते हे ती रामीला सांगू शकली असती. रामीने ते ऐकूनही घेतलं असतं, आणि मनात तिचंच ठेवलं असतं. आता हिला सांगायचं, की साहेबापुढे म्हण, आम्ही सुईणीला काही दिलं नाही. दहा घरांच्या देखत म्हण. आणि बाळाला काही झालं, साधा ताप जरी आला, तरी ते कशामुळे झालं हे रामीला पक्कं माहीत असणार.

"नाही मावशी, काही कमी नाही केलं," रविना म्हणाली.

चहा संपवून ती उठली. कमू वाटेत उभीच होती. झालं का बोलणं, असं तिने विचारलं. रविना म्हणाली, बेंबी सुकलीय, बाळ छान आहे. कमूने कपाळावर हात मारून घेतला. मग मी जाऊ का, म्हणून तिने पुन्हा विचारलं, आणि रविनाने पुन्हा नको म्हटलं.

चौकशीचा माणूस गुरुवारी आला. रविना तेव्हा टँकरजवळ होती. दुसरा हंडा भरत असताना तिला चढावर मोटरसायकल दिसली, हेल्मेट घातलेला कोवळा माणूस दिसला. ती हंडा भरेपर्यंत थांबली. मग घरी येऊन पाणी गाळत बसली. पुढचं तिला कमूने संध्याकाळी सांगितलं.

रामीने त्या माणसाला आधी पाणी दिलं, मग चहा, मग नाचणीचे पापड भाजून दिले. त्याने विचारलं, रविना पागींनी तुमच्याकडे बाळंतपण केलं का. रामी म्हणाली, केलं. त्याचं काही दिलं का. इथे रामीला वाटलं, साहेब पाड्याची परीक्षा बघतोय. शहरातला माणूस, याला वाटत असणार की डोंगरातले लोक फुकट काम करून घेतात.

"मंग काय फुकट करून घेतला व्हय?" असं म्हणून ती उभीच राहिली, कमू सांगत होती. तिने सांगितलं, दोन कोंबड्या दिल्या. पाच पायल्या नाचणी दिली. लुगडं दिलं. लुगड्याचा काठ कसला होता तेही सांगितलं. साहेब लिहीत गेला तशी तीही सांगत गेली. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, त्या माना डोलवत होत्या. मग साहेबाने विचारलं, त्या आणखी कुठे जातात का. रामी म्हणाली, आता आमची सुईण तीच. जिवाची दुसरी सून आषाढात बाळंत होणार, तिलाही तीच करणार. सगळी घरं तिलाच मान देणार, तुम्ही काळजी करू नका, आमच्या नर्सबाईला उपाशी ठेवणार नाही. मग त्याने कागद वाचून दाखवला आणि रामीने अंगठा उठवला.

"मी मधी बोलाया गेले," कमू म्हणाली. "तर साहेबच मला बोलला, तुम्ही थांबा, आजीला बोलू द्या."

रविनाने विचारलं, दोन कोंबड्या म्हणाली का. कमू म्हणाली, दोन. रविनाने मान हलवली. पाणी गाळून झालं होतं. तिने फडकं पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

तिला राग यायला हवा होता. तो कुणावर काढायचा हेही तिने शोधून बघितलं. कारकुनाने कोरा फॉर्म दिला होता. मोटरसायकलवाल्याने सांगितलं तेच लिहिलं होतं. रामीने तिची अब्रू राखली होती. असं एकेक नाव बाजूला काढत ती स्वतःपर्यंत आली आणि तिथे थांबली, कारण गौराला जेवायला वाढायचं होतं.

पत्र बारा दिवसांनी आलं. अर्जदार सदर कालावधीत परिसरात मोबदला घेऊन सेवा देत असल्याचे चौकशीत आढळले, सबब दावा मंजूर करता येत नाही. त्याविरुद्ध वर दाद मागता येईल, असंही खाली लिहिलं होतं. योगिताचा भत्ता त्याच आठवड्यात सुरू झाला. तिने फोन करून आधी ते सांगितलं आणि मग रविनाचं ऐकून घेतलं.

"तू कोंबडी लिहिलीस?" योगिताने विचारलं.

"हो."

"अगं, तुला काय म्हणावं."

दाद माग, मी अर्ज लिहून देते, असं योगिताने सांगितलं. रविना हो म्हणाली. पण दाद मागायची तर रामीचा जबाब खोटा ठरवायला हवा होता. दोन नाहीत, एकच कोंबडी होती, लुगडं नव्हतं, असं लिहून द्यायचं, आणि मग पुन्हा कुणीतरी मोटरसायकलवरून येऊन रामीला बायकांच्या देखत विचारणार. योगिताने अर्जाचा मसुदा मोबाइलवर पाठवला. रविनाने तो वाचला. त्यात काहीच चुकीचं नव्हतं. तिने तो तसाच ठेवला आणि ब्यूरोच्या बाईला फोन लावला. ठाण्यात एक पेशंट होती, ऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा झालेल्या. बाईने विचारलं, जखमांची सवय आहे ना. रविना म्हणाली, आहे.

मेच्या शेवटच्या सोमवारी ती निघाली. गोरख भट्टीवरून दोन दिवसांनी येणार होता, तिची-त्याची चुकामूक होणार होती. गौरा शाळा नसल्यामुळे मामाकडे गेली होती. तिला आदल्या दिवशीच पाठवलं होतं. पुतळी जीपच्या थांब्यापर्यंत यायला निघाली, पण गुडघ्यांमुळे अर्ध्यातून परत फिरली.

थांब्यावर रामी आधीच येऊन बसली होती. नातू कडेवर, डोक्याला टोपडं. चैतीला घरी ठेवून ती मुद्दाम आली होती.

"जातेस म्हणं ठाण्याला."

"हो मावशी. काम मिळालंय."

"साहेबाचा काम झाला ना? मी सगला सांगला त्याला. काय कमी नाय सांगला. जरा जास्तच सांगला," रामी हसली आणि तोंडाला पदर लावला. "लुगडा कुठं देला होता आमी. पण सांगला. तुझा नाव मोठा व्हाया पायजे."

रविनाने बाळाला घेतलं. वजन चांगलं वाढलं होतं, साडेतीनच्या पुढे असावं. डोळे पांढरेशुभ्र होते. तिने टोपडं थोडं मागे सारून टाळू चाचपली.

"बरोबर सांगितलंत, मावशी," ती म्हणाली. "याला तीन जूनला लस आहे. कमू येईल, पण नाही आली तर तुम्ही घेऊन जा. दंडाला नाही, मांडीला देतील. रात्री ताप येईल, तो लसीचाच असतो. त्याला घाबरायचं नाही."

"मंग तू कधी येशील? आषाढात जिवाची सून हाय."

"तिला आधीच दवाखान्यात न्या. आठ दिवस आधी. कमूला तारीख माहीत आहे."

रामीला ते फारसं पटलं नाही. तू ये तोवर, असं ती म्हणाली. तेवढ्यात जीप आली, मागे भरलेली, पुढे ड्रायव्हरजवळ दोघं. रविना मागच्या फळीवर पाय ठेवून चढायला लागली. रामीने ड्रायव्हरच्या दारावर थाप मारली आणि आत बसलेल्या एका माणसाला खाली उतरवलं. ही आमची नर्सबाय आहे, हिला मागं उभी नेतोस होय, असं ती ड्रायव्हरला म्हणाली. उतरलेला माणूस मागे जाऊन लटकला.

रविना पुढे बसली, बॅग मांडीवर घेतली. जीप निघाली.